जंगलात कोणी झाडू मारतं का?

आमच्या घरी एकदा अस्वल जेवून गेलं. त्याला आमंत्रण मीच दिलं होतं, फक्त तसं मला ठाऊक नव्हतं.

गावात एसटीडी बूथ नवा नवा होता तेव्हाची ही गोष्ट. चंद्रपूरकडच्या मूल या गावापासून सायकलने तासाभरावर आमचं गाव. पुढे धानाच्या बांध्या, मागे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. मी गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे घरात मला अडवणारं माणूस एकच, माझी माय. (वडील मी लहान असतानाच गेले. ते असते तरी तू त्यांचं ऐकलं नसतंच, असं मायचं म्हणणं.)

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वरोऱ्याकडे एका तीन दिवसांच्या शिबिराला गेलो. विषय होता, औषधी वनस्पतींची बाग, जंगलाच्या पद्धतीने. शिकवणारे सर मोठे तळमळीचे. त्यांचं म्हणणं सोपं होतं. जंगलात वर उंच झाड असतं, त्याखाली मध्यम, त्याखाली झुडूप, झुडपावर वेल आणि मातीखाली कंद. सगळे दाटीवाटीने राहतात आणि कोणाचं कोणावाचून अडत नाही. मग आपणही तसंच लावायचं. फांदी छाटली की तिथेच टाकायची. पान पडलं की पडू द्यायचं. कुजकी लाकडं आणून ठेवायची, मोरीचं पाणी सोडायचं. आणि बाग अशा वाटेवर करायची, जिथून माणूस रोज जातो, म्हणजे आपोआप लक्ष राहतं. शेवटी सरांनी टेबलावर हात आपटून विचारलं, "जंगलात कोणी झाडू मारतं का?"

"नाही!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

परत येताना मूलच्या बाजारात उतरून मी बागेसाठी पहिली खरेदी केली. जाड पुठ्ठ्याची वही! घरी येऊन तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'अभिप्राय वही'. बाग बघायला येणारे थोर लोक तिच्यात चार शब्द लिहिणार होते. (तोवर बागेत गवताची काडीही लावलेली नव्हती. पण विज्ञानाच्या माणसाने पूर्वतयारी करावी.)

आता माणूस रोज जातो अशी वाट कोणती? मी दोन दिवस विचार केला आणि उत्तर सापडलं. आमच्या मागच्या दारापासून संडासापर्यंतची वीस पावलं! ती वाट कोणाला चुकत नाही, आजारी माणसाला तर मुळीच नाही. शिवाय वाटेच्या मधोमध मोहाचं जुनं झाड होतं. म्हणजे वरचा मजला तयारच. मी पावसाळा लागताच खाली बाकीचे मजले चढवायला घेतले. आवळा, बेल, शेवगा, केळी. त्यात अडुळसा, निर्गुडी. त्यावर गुळवेल. जमिनीत मुसळी आणि हळद. संडासाच्या दाराजवळ काटेरी शतावरी, कारण तिथे कोणी फार वेळ रेंगाळत नाही आणि ती निवांत वाढेल, असा माझा हिशोब.

आणि मायचा खराटा मी माळ्यावर टाकला.

"का रे," माय म्हणाली, "मागच्या आंगनात खराटा मारू नको म्हंतं, मंग लोकं का म्हनतीन?"

"म्हणू दे. जंगलात कोणी झाडू मारतं का?"

"जंगलात पावनेबी येत नाईत रे बाबू!"

मी ऐकतो कशाला? अंगणातला पाला पुरेना म्हणून मी शाळेतला आणला. तो पुरेना म्हणून सायकलला पोती बांधून बुद्धविहाराच्या आवारातला आणला. मग गावात बातमी पसरली की मास्तरला कचरा लागतो. लोक मनाचे उदार! सकाळी उठावं तर कुंपणाशी कोणाचं तुटकं सूप, कोणाची फाटकी गादी. एकाने तर आपला जुना रेडिओ आणून ठेवला.

शेजारी रशीदभाऊंचा फर्निचरचा कारखाना. त्यांच्याकडून मी कुजक्या फळ्या आणि भुसा उचलला. ते खुशीत होते. पावसाळा संपता संपता त्यांच्या लक्षात आलं की माझ्या फळ्यांना उधई लागली आहे. उधई म्हणजे वाळवी. मी तर आनंदाने उड्या मारत होतो, कारण सरांनी सांगितलं होतं, उधई ही मातीची मजूर.

"मास्तर," रशीदभाऊ भिंतीवरून ओरडले, "तुमची मजूर मेरे सागवान पे कामाला आली ना, तो मैं तुमच्या शाळेत येऊन बसीन! परमनंट!"

दिवाळीला माझी बहीण शोभा हिची गोड बातमी आली. पहिलटकरीण, बाळंतपण माहेरी, दिवस भरणार चैतात. माय त्या दिवसापासून एकच गोष्ट बोलू लागली. मोहाचे लाडू.

हे जरा सांगायला हवं. मोहफुलं म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बाटली येते. आमच्या मायला ते म्हटलेलं खपत नाही. तिच्याकडे मोहफुलं वाळवून, भाजून, तीळ आणि गूळ घालून कुटतात आणि त्याचे लाडू बाळंतिणीला देतात. मायला तिच्या मायने दिले होते. दरवर्षी फागुनात माय जंगलात जाऊन फुलं वेचायची. पण आता तिचे गुडघे गेले होते. नालाही ओलांडवत नव्हता. तिच्या वाट्याला उरलेलं झाड एकच, आमच्या संडासाच्या वाटेवरचं. त्याच्याखाली ती खराट्याने लख्ख झाडायची, पाला पेटवायची, शेणाने सारवायची आणि पहाटे खाली बसून फुलं वेचायची. फूल टपकलं की दिसलं पाहिजे, मातीला चिकटता कामा नये. या भागात मोहाखालची जमीन देवघरासारखी ठेवतात.

आणि त्याच जमिनीवर मी गुडघाभर पाला अंथरून ठेवला होता.

माघात शोभा आली. आठवा महिना. मागच्या दारात उभी राहून तिने बाग पाहिली. वाट आता फक्त माझ्या आठवणीत उरली होती. "दादा, संडास कुठी गेला?" तिने विचारलं.

"तो काय, केळीच्या मागे."

तेवढ्यात पाल्यातून एक भलामोठा बेडूक उडाला आणि त्याच्या मागे काहीतरी सळसळत गेलं. शोभा जी वळली ती थेट रशीदभाऊंच्या घरी. त्यांच्या बायकोने तिला सांगितलं, बाई, बाळंत होईपर्यंत आमचाच वापर. गावात याची चर्चा झाली नसेल असं समजू नका.

फागुन लागला, मोह टपकू लागला आणि फुलं पाल्यात गडप होऊ लागली. माय पहिल्या पहाटे टोपली घेऊन गेली, तासभर पाला उपसत बसली आणि ओंजळभर फुलं, दोन इंगळ्या आणि सुजलेलं बोट घेऊन परत आली. (इंगळी म्हणजे मोठा विंचू. सुदैवाने बोट काट्याने सुजलं होतं.)

"माह्या पोरीचे लाडू त्या पाल्यात सडून राह्यले," ती म्हणाली. "मले खराटा दे."

"माय, फक्त चार दिवस थांब. सरांचं पत्र आलंय, रविवारी बाग बघायला येतात. झाडलेली बाग दाखवू का मी त्यांना?"

"चार दिवस मोह टपकाचे थांबते का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी पाहिलं आणि तरीही खराटा दिला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. त्याऐवजी मी एक शोध लावला. शोध लावण्याची वाईट खोड! शनिवारी संध्याकाळी मोहाखाली पाल्यावर मी दोन स्वच्छ पांढऱ्या चादरी अंथरल्या. कोपऱ्यांवर दगड ठेवले. फुलं चादरीवर पडणार, चादर उचलायची, टोपलीत झटकायची. मायचे लाडूही होतील आणि माझा पालाही राहील. मी शोभाला तीनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दादा, एवढं डोकं तू लग्नासाठी लावलं असतं तर!"

रविवारी पहाटे उजाडता उजाडता मी टमरेल घेऊन मागे गेलो. जाताना चादरींकडे पाहिलं. पांढऱ्याशुभ्र चादरींवर पिवळसर फुलांचा थर! मन भरून आलं. सर दहा वाजता येणार, त्यांना आधी हेच दाखवायचं असं ठरवत मी आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा चादरीवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. काळं घोंगडं पांघरलेलं.

"रशीदभाऊ," मी म्हणालो, "इतक्या सकाळी?"

रशीदभाऊंनी मान वळवली. तोंड लांबुळकं होतं आणि त्याला फुलं चिकटली होती.

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. अस्वलापुढे काय करावं हे मी सातवीला शिकवलेलं आहे. पळू नये, पाठ दाखवू नये, हळूहळू मागे सरकावं. मी किंचाळलो, टमरेल फेकलं आणि पाठ दाखवून पळालो. संडासाच्या दाराशी कोणीतरी मागून माझी लुंगी धरली! आता संपलं, असं मला वाटलं. मागे पाहतो तर शतावरी. नऊ महिने मीच पाणी घालून वाढवलेली! लुंगी की जीव, हा निर्णय मी पापणी लवायच्या आत घेतला आणि चड्डीवर आत शिरून कडी घातली.

झरोक्यातून बघतो तर अस्वल माझ्याकडे ढुंकून पाहत नव्हतं. त्याने एक चादर साफ केली, मग दुसरी. मग माझी कुजकी फळी उलथवली आणि तोंड लावून उधई ओढायला लागलं. फूऽऽ, सुर्रर्र, फूऽऽ, सुर्रर्र. राईस मिल सुरू झाल्यासारखा आवाज! मातीची मजूर एका श्वासात भरती होत होती.

आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं. टोपली घेऊन माय!

"माय, आत जा! अस्वल!"

खरं सांगतो, तोवरची भीती म्हणजे काहीच नव्हती. दुखऱ्या गुडघ्यांची म्हातारी, तिच्यापासून दहा हातांवर अस्वल आणि मी कडी घालून आत. माझा हात कडीकडे गेलासुद्धा. पण मायने अस्वलाकडे पाहिलं, रिकाम्या चादरींकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"अरे मुडद्या, माह्या शोभीचे लाडू खाऊन राह्यला!"

तिने टोपली टाकली, दाराजवळचा पितळी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, उचलला आणि त्यावर उलथनं बडवायला लागली. पलीकडून रशीदभाऊ उठले आणि हातोड्याने टिनाचं छप्पर बडवायला लागले. आतून शोभा ओरडत होती, मी आतून ओरडत होतो. (माझं ओरडणं कोणाला मदत म्हणून मोजता येईल, असं वाटत नाही.) अस्वल उठलं. त्याने घाई केली नाही. जाता जाता उरलेली चार फुलं जिभेने टिपली, केळीतून वाट काढली आणि नाल्याकडे निघून गेलं.

सगळं शांत झाल्यावर माय संडासाच्या दाराशी आली.

"लागलं का कुठी?"

"नाही. माय, लुंगी दे."

लुंगी शतावरीवर फडफडत होती. मायने तिला हात लावला नाही.

"पयले सांग. त्या चादरीवर मोह कोनासाठी होते?"

"शोभासाठी."

"खाल्ले कोनं?"

"अस्वलानं."

"पंगत मांडून देल्ली तुनं त्याले! बसाले मऊ पाला, पांढरी चादर, गोडधोड, वरतून उधईची भाजी. सोयऱ्याले बी कोनी इतकं करत नाई. आता सांग, मी झाडाखाली खराटा मारू का नको?"

"माय, यात एक शास्त्र आहे..."

"बरं, बस मंग शास्त्र घेऊन." पावलं दूर जायला लागली.

"मार! मार खराटा!"

पावलं थांबली. "कुठवर?"

"फांद्या आहेत तिथवर!"

"आन् वाट? माह्या गरवार पोरीनं शेजाऱ्याच्या घरी काऊन जावं?"

"वाटही झाड! फक्त पाला पेटवू नको, केळीखाली लोट. आता लुंगी दे!"

मायचा हात लुंगीकडे गेला आणि समोर जीपचा हॉर्न वाजला. दहाला येणारे सर सातलाच आले होते, कारण त्यांना पुढे अहेरीला जायचं होतं. लुंगी हातात घेऊन पाहुण्यांपुढे कसं जायचं, म्हणून मायने ती शतावरीवरच राहू दिली आणि निघून गेली. मिनिटभरात सर मागच्या दाराशी! सोबत शिबिराची सात-आठ मंडळी, त्यात चार बायका. मी झरोक्याखाली उकिडवा बसलो.

"मास्तर कुठे आहेत?" सरांनी विचारलं.

इथे एक सांगतो. माय खोटं बोलत नाही. रोज संध्याकाळी विहारात पंचशील म्हणते आणि जे म्हणते ते पाळते. मी डोळे मिटून घेतले.

"गेला हाये," माय म्हणाली.

"कुठे?"

"रोज जाते तिथी."

"रविवारीसुद्धा शाळेत! वा!" सर सोबत्यांना म्हणाले. "अशी माणसं हवीत."

मग पाल्यावर पावलं वाजू लागली. आवळ्याचं कौतुक झालं, गुळवेलीचं झालं. आणि पावलं माझ्या दाराशी येऊन थांबली.

"हे काय आहे?"

"लुंगी व्हय."

"इथे कशी?"

"काट्याले अडकली."

"बघा," सर सगळ्यांना म्हणाले, "काटेरी झुडपावर वाऱ्याने हलणारं कापड. जनावरांना बुजवायची जुनी पद्धत. पुस्तकात मिळणार नाही!" कोणीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. माय गप्प राहिली. गप्प राहण्याने शील मोडत नाही.

"मास्तर असते तर बरं झालं असतं हो. कधी येतील?"

"येईन तो. त्याच्यावर हाये."

मग सर मोहाखाली गेले. "आणि हा पाला कोणी उकरला?"

"अस्वलानं."

"अस्वल!" सरांचा आवाज भरून आला. "ऐकलंत? अस्वल आलं, म्हणजे इथे जंगल झालं! यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. कधी आलं होतं, बाई?"

"आत्ताच गेलं जी. तुमची गाडी वाजली ना, त्याच्या थोडं पयले. तिकडं केळीत गेलं."

मग पाल्यावर पावलं वाजली, आली होती त्यापेक्षा बरीच भराभर. "मास्तर!" जाता जाता सरांनी एकदा मोठ्याने हाक मारली, मी शाळेतून ऐकणार असल्यासारखी. "मास्तर! आम्ही निघतो!" जंगलात झाडू न मारणारे सगळे लोक दोन मिनिटांत जीपमध्ये बसले. माय बिचारी गुडघे सावरत अभिप्राय वही घेऊन मागे गेली. इंजिन चालू ठेवून सरांनी मांडीवरच लिहिलं.

त्याच सकाळी मायने माळ्यावरून खराटा काढायला लावला. (काढून मीच दिला, लुंगी नेसून.) पाला केळीखाली गेला, मोहाखाली लख्ख गोल झाला, त्यावर शेणाचा हात फिरला. पंधरा दिवस माय पहाटे तिथे बसून फुलं वेचत होती आणि मी बाजूला गुंड आणि उलथनं घेऊन पहारा देत होतो. अस्वल पुन्हा आलं नाही. पंगत उठली हे त्याला कळलं असावं. चैतात शोभाला मुलगी झाली. लाडू झाले. पहिला लाडू मायने शोभाला दिला आणि दुसरा भिंतीवरून रशीदभाऊंच्या घरी. मला तिसरा मिळाला आणि तो मी मान खाली घालून खाल्ला.

बाग आजही आहे. जंगलासारखी दाट, पण मोहाखाली झाडलेली आणि वाट मोकळी. शतावरी मी स्वतः उपटून कुंपणाला नेली.

परवा शोभाची तीच मुलगी आली होती. आता कॉलेजात जाते. तिला माळ्यावर ती वही सापडली. तिच्यात एकच अभिप्राय आहे. तो तिने मोठ्याने वाचला. 'बाग उत्तम. पालापाचोळा उत्तम. मातोश्रींना विषयाची खोल जाण. बागमालक गैरहजर.'

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही कुठे होते?"

माय बाजेवर बसून माझ्याकडे बघत होती. आता पोरीला काय सांगू? जन्मभर शाळेत हजेरी घेतली. नाव घेतलं की न लाजता मोठ्याने 'हजर' म्हणायचं, म्हणून पोरांना बाकावर उभं केलं. आणि त्या सकाळी सरांनी तीनदा मला पुकारलं, तेव्हा हाकेच्या अंतरावर बसून मी तिन्ही वेळा श्वास रोखून धरला!